नाना शंकरशेठ आणि इचोड्यातला एक कोरा रकाना

इचोड्यातल्या एका घराच्या ओसरीवर, पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलेला शाळेचा प्रवेशअर्ज तीन दिवस तसाच पडून होता. मुलीचं नाव, जन्मतारीख, वडिलांचा धंदा, सगळं भरून झालं होतं. मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलं होतं. माध्यमाचा रकाना तेवढा कोरा होता.

जिच्यासाठी हा अर्ज, ती पाच वर्षांची मुलगी समोरच बसून चिंचोके मोजत होती. मोजणी तेलुगूत: वकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मध्येच कोंबडी जवळ आली की तिला हाकलायचं मराठीत. शेजारच्या खालाबींनी दारातून काही विचारलं की उत्तर हिंदीत. दहापर्यंत मोजून झालं की चिंचोके पुन्हा ओंजळीत आणि पुन्हा वकटि. आदिलाबाद जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलांना हे कुणी शिकवत नाही, ते अंगणातच येतं.

मुलीची आई एका खासगी इंग्रजी शाळेत गणित शिकवते. तिचे मामा मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. माध्यमावरून त्यांचा वाद जुनाच आहे. यंदा मात्र त्याची सुरुवात झाली थेट अब्राहम लिंकनपासून. भाचीनं वर्गातल्या एका मुलाचं लिंकनवरचं भाषण तपासून दिलं होतं आणि ते अजून तिच्या डोक्यात घोळत होतं.

‘‘मामा, लाकडाच्या झोपडीत जन्मलेला माणूस. सगळी मिळून शाळा वर्षभराचीसुद्धा नाही. १८३४ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळात निवडून गेला, पुढे दोन वर्षं अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, १८५८ ला सिनेटची जागा हुकली आणि १८६० ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. आपल्याकडे त्या काळात असा एक तरी राजकारणी झाला का?’’

‘‘झाला की. नाना शंकरशेठ. दोघं गेलेही एकाच वर्षी. लिंकन १८६५ च्या एप्रिलमध्ये, नाना ३१ जुलैला.’’

त्या दोन तारखांच्या मधली गोष्ट इचोड्याच्या काळ्या मातीत राहणाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको, कारण ती कापसाची आहे. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि मुंबईच्या बंदरात हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका आणि कंपन्या उगवल्या, शेअरचा सट्टा भडकला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, भाव कोसळला आणि १ जुलैच्या सौदापूर्तीच्या दिवशी मुंबईतले भलेभले शेठ बुडाले. ज्या शहराच्या जडणघडणीत नानांनी चाळीस वर्षं घातली, ते त्याच महिन्यात मोडकळीला आलेलं बघत त्यांनी डोळे मिटले. दूरदेशीच्या लढाईनं कापसाचा भाव चढतो आणि तहानं पडतो, हे इथल्या शेतकऱ्याला आजही अनुभवानं माहीत आहे.

भाचीला नाव ठाऊक होतं. मुंबईच्या नाना चौकातून ती एकदा गेलीही होती. ‘‘पण मामा, लिंकनशी कशी बरोबरी? नाना तर जन्मतःच श्रीमंत.’’

हे खरंच होतं. जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. घराणं दैवज्ञ सोनारांचं, धंदा पेढीचा आणि व्यापाराचा. वडील १८२२ मध्ये गेले तेव्हा एकोणीस वर्षांच्या या मुलाच्या हाती अफाट संपत्ती आली. इंग्रजी त्यांनी घरी शिक्षक ठेवून शिकून घेतली होती. पुढच्या चार दशकांत मुंबईत जे काही सार्वजनिक उभं राहिलं, त्याच्या बहुतेक कागदांवर त्यांची सही सापडते. १८४५ मध्ये रेल्वेची कल्पना आली तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत नाना पुढे होते, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली ती त्यांच्या डोळ्यांदेखत. सोनापूरची स्मशानभूमी गावाबाहेर हलवायचा घाट घातला गेला तेव्हा लोकांच्या बाजूनं तेच उभे राहिले. १८५७ च्या उठावात त्यांच्यावर संशय घेतला गेला, पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षीच्या मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात पहिल्या फेलोंच्या यादीत त्यांचं नाव आहे. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले.

‘‘गेले नाहीत, नेमले गेले,’’ भाची म्हणाली. ‘‘लिंकनला लोकांनी मत दिलं. नानांना गव्हर्नरनं खुर्ची दिली. निवडून न येता जो खुर्चीत बसतो त्याला राजकारणी कसं म्हणायचं?’’

‘‘मतच कुणाला नव्हतं, बाई. आणि एका जागी नाना खरोखर निवडून गेले होते, त्याच जागेबद्दल तुला सांगायचंय.’’

मामा सांगत होते ती जागा बोर्ड ऑफ एज्युकेशनची. १८४० मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षण या मंडळाकडे आलं. अध्यक्ष आणि तीन सभासद सरकारनं नेमायचे, उरलेले तीन नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनं निवडून द्यायचे. सोसायटीनं निवडले जगन्नाथ शंकरशेठ, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. ती निवड मूठभर श्रीमंतांनी केली होती, हे कबूल. तरी सरकारी मंडळात हिंदी माणसांनी निवडून दिलेली हिंदी माणसं बसली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मंडळ बरखास्त होईपर्यंत नाना तिथे होते. राणीच्या बागेतली झाडं, वस्तुसंग्रहालय, टाऊन हॉलमधला पुतळा यांच्या गोष्टी सगळे सांगतात. त्यांच्या राजकारणाची कसोटी लागली ती या मंडळाच्या टेबलावर.

टेबलाच्या टोकाला अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि आजच्या पालकाला ते लगेच पटेल: पैसा थोडा आहे, तो खेड्यापाड्यांत पातळ करून सांडू नका. वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिकवा, ज्ञान त्यांच्याकडून खाली झिरपेल. देशी भाषांत पुस्तकंच कुठे आहेत?

याला विरोध केला कर्नल जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनिअरनं. मराठीत गणिताची पुस्तकं तयार करवून घेणारा हा माणूस. पुस्तकं नाहीत या मुद्द्याला त्याच्याकडे हातात धरून दाखवण्यासारखं उत्तर होतं. आणि तिघाही हिंदी सभासदांनी जर्व्हिसच्या बाजूनं उभं राहायचं ठरवलं. १८४७ मध्ये नानांनी आपलं मत लेखी नोंदवलं. त्याचा आशय असा, की पश्चिम हिंदुस्थानातल्या सामान्य लोकांपर्यंत उपयोगी ज्ञान पोचवायचं तर त्यांच्या स्वतःच्या भाषा इंग्रजीपेक्षा सरस आहेत. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. ज्याला उच्च शिक्षण घ्यायचंय त्यानं इंग्रजी जरूर शिकावी. पण लाखोंना शहाणं करण्याचं काम परक्या भाषेवर सोपवता येणार नाही, हा त्यांचा आग्रह होता.

भाची इथे उसळली. ‘‘हेच मला पटत नाही! स्वतः घरी मास्तर ठेवून इंग्रजी शिकले, गव्हर्नरशी इंग्रजीत बोलले, रेल्वेचे कागद इंग्रजीत वाचले, आणि गरिबाच्या पोराला सांगतात तू मराठीत शीक. आजही हेच चाललंय, मामा. मराठी माध्यमाचा आग्रह धरणाऱ्या पुढाऱ्यांची मुलं कुठे शिकतात ते बघा.’’

हा आरोप हलका नाही. माध्यमाच्या प्रत्येक वादात तो येतो आणि यायलाच हवा. मामांनीही तो झटकला नाही. काही वेळ ते चिंचोक्यांकडे बघत राहिले.

‘‘तू म्हणतेस ते ढोंग असतं तर नानांनी इंग्रजी शाळांना पैसा दिला नसता. एल्फिन्स्टन संस्थेसाठी निधी जमवण्यात ते होते. इंग्रजीचं दार बंद करा असं ते कधीच म्हणाले नाहीत. पेरी म्हणत होता एकच दार ठेवा. नाना म्हणत होते, हे एक दार मुंबईच्या मुलाला पुरेल, जुन्नरच्या मुलाचं काय?’’

‘‘आणि त्या एकाच दारातून दादाभाई नौरोजी आले. भाऊ दाजी आले. रानडे आले. इंग्रजी नसती तर १८९२ मध्ये दादाभाई विलायतेच्या पार्लमेंटात बसले असते? राजकारण ज्यांनी पुढे नेलं ते सगळे पेरीच्या बाजूचं पीक आहेत.’’

‘‘दादाभाई पहिलं अक्षर कुठे शिकले?’’

भाचीला माहीत नव्हतं.

‘‘गुजराती शाळेत, गुजरातीतून. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्याच, आणि फुकट. ती शाळा फुकट नसती तर आपण शिकलोच नसतो, असं त्यांनी पुढे स्वतः सांगितलंय. इंग्रजी नंतर आली, पक्क्या पायावर आली. १८४९ मध्ये स्टुडंट्स सोसायटीनं मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा हेच एल्फिन्स्टनचे तरुण शिकवायला उभे राहिले. शिकवत होते मराठीतून आणि गुजरातीतून. त्यातल्या एका मराठी शाळेला जागा कुणी दिली? नानांनी, स्वतःच्या वाड्यात.’’

मुलींच्या शाळेला आपल्या वाड्याचं दार उघडणं म्हणजे घरावर बोलणी ओढवून घेणं होतं. आदल्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती आणि सनातन्यांचा संताप सगळ्यांनी पाहिला होता. जोतीरावांना जे सोसावं लागलं त्याच्याशी नानांच्या झळीची तुलना होणार नाही. पैशाचं कवच नानांभोवती होतं. पण जातीच्या पंचांकडे, देवळांच्या विश्वस्तांकडे, ज्यांच्यात रोज उठबस करायची त्या शेठांकडे पाठ करायला कवचापलीकडचं काहीतरी लागतं.

‘‘मग १८४७ च्या त्या भांडणात जिंकलं कोण?’’

निकाल असा स्पष्ट लागलाच नाही. सरकारनं दोन्ही पक्षांना सांभाळत भाषेचा गुंता तसाच ठेवला, आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यानं वाटणी करून टाकली: वरच्या शिक्षणाला इंग्रजी, जनसामान्यांना देशी भाषा. वरवर पाहिलं तर दोघांचंही राहिलं. व्यवहारात नोकरी, कोर्ट, विद्यापीठ इंग्रजीच्या पदरात पडलं आणि मराठीच्या वाट्याला पहिल्या चार इयत्ता आल्या. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापून, तिचे अध्यक्ष म्हणून नानांनी विलायतेच्या पार्लमेंटला अर्ज पाठवला, कारभारात आमच्या माणसांना जागा द्या म्हणून. पश्चिम हिंदुस्थानातली ही पहिली राजकीय संस्था. तो अर्जही इंग्रजीतच लिहावा लागला. भाचीचा मुद्दा इतिहासानं असा अर्धा खरा करून ठेवला आहे.

‘‘म्हणजे नाना हरले,’’ ती म्हणाली, पण आवाजात विजय नव्हता.

‘‘हरले असतील. हरणार हे माहीत असतानाही लेखी मत नोंदवतो त्याला मी राजकारणी म्हणतो. लिंकनही १८५८ ला हरलाच होता ना?’’

इथवर वाद मुंबईचा होता. भाचीनं तो इचोड्यात आणला.

‘‘नानांचं सोपं होतं. त्यांच्या इलाख्यात मराठीला मराठी, गुजरातीला गुजराती. इथे मातृभाषा म्हणजे कोणती धरायची? तुमचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले.’’

मामांच्या वडिलांची पिढी खरोखर उर्दूत शिकली. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं ते विद्यापीठ, त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं काढून शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणली गेली. नानांना हवं होतं ते जणू इथे घडलं. पण ज्या राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होते तिथे देशी भाषा म्हणून आली ती दरबाराची भाषा. अंबाडीच्या भाजीला उर्दूत काय म्हणतात ते या मुलांना शाळेत शिकावं लागे. १९५६ च्या पुनर्रचनेत याच आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, इचोडा आंध्र प्रदेशात आला, २०१४ पासून तेलंगणात आहे. गाव जागचं हललं नाही, शाळेची भाषा मात्र बदलत राहिली.

‘‘आणि आपण मराठी मराठी करतो,’’ भाची पुढे म्हणाली, ‘‘पण माझ्या वर्गात गोंडांची मुलं आहेत. त्यांची आई घरात गोंडी बोलते. तुम्ही चौतीस वर्षं त्यांना मराठीतून शिकवलंत. त्यांच्यासाठी तुम्हीच पेरीसाहेब.’’

मामा गप्प झाले. मास्तरकीच्या आयुष्यात कुणी इतकं सरळ बोललं नसावं. मग ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे. मी गोंडी शिकलो, पण पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षीची पोरं माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहायची. त्यातला एक पावसाळ्यानंतर आलाच नाही.’’

आणि त्यांनीच मारलवाईची गोष्ट काढली. गोंडांचे नेते कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाचं मूळ शोधायला निजाम सरकारनं हैमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला इकडे धाडलं. ते मारलवाईला गोंडांच्या गावात जाऊन राहिले. १९४३ च्या सुमारास तिथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचं केंद्र निघालं आणि गोंडी भाषेत वाचनपुस्तकं छापली गेली. लिपी निवडली देवनागरी, कारण या भागातल्या गोंडांना मराठीमुळे ती ओळखीची होती. गोंडी बोलणारा मास्तर, गोंडी शब्द आणि मराठीची लिपी. इचोड्यापासून काही तासांच्या वाटेवर, नानांच्या त्या लेखी मतानंतर शंभरेक वर्षांनी, त्यातला विचार जंगलातल्या एका शाळेत उतरला होता. तो टिकवता आला असता. राज्यं बदलली, खाती बदलली, पुस्तकं मागे पडली.

‘‘तेव्हा तुझं म्हणणं मला मान्य,’’ मामा म्हणाले. ‘‘पण त्यातून इंग्रजी निघत नाही, गोंडी निघते.’’

भाची हसली नाही. तिनं फॉर्म उचलला. ‘‘मामा, मी रोज वर्गात बघते. पाचवीचं पोर इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण घडाघडा वाचतं आणि बेरीज करायची का वजाबाकी ते विचारतं. तेच मी तेलुगूत किंवा मराठीत सांगितलं की उत्तर तयार. हे मला दिसतं. पण त्याच्या बापाला दहावीनंतर हैदराबाद दिसतं. २०२२ पासून सरकारनंच आपल्या शाळांत इंग्रजी माध्यम आणलं. २०१८ च्या कायद्यानं तेलुगू सगळ्यांना सक्तीची केली. माझ्या मुलीला तेलुगू लागणार, इंग्रजी लागणार. तिनं मराठीत बेरीज शिकावी हे मला पटतं, पुढे तिला कोण विचारील ते सांगा.’’

याला मामांकडे पुरतं उत्तर नव्हतं, आणि नानांकडेही नव्हतं. नाना मंडळाच्या टेबलावर सगळ्या इलाख्याचं धोरण ठरवायला बसले होते. आईला एका मुलीचं ठरवायचं असतं. धोरण चुकलं तर पंचवीस वर्षांनी दुरुस्त होतं, मुलीची पहिली दुसरी पुन्हा येत नाही. म्हणून आईनं रकान्यात इंग्रजी लिहिलं तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचाच तर त्या व्यवस्थेला द्यावा, जिनं १८५४ पासून नोकरीच्या वाटेवर एकच पाटी लावली आणि मग आईला विचारलं, बोल, तुझी निवड काय.

पण मूल कळतं त्या भाषेत आधी शिकतं, हे नानांनी सांगितलेलं आणि भाचीनं वर्गात पाहिलेलं सत्य एकच आहे. त्या सत्याच्या बाजूनं टेबलावर बसून बोलणारं माणूस मात्र आज या जिल्ह्यात शोधावं लागतं. बोथ, बेला, जैनद, तामसी, इचोडा या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांचा, तिथल्या रिकाम्या जागांचा, पुस्तकं वेळेवर येण्याचा प्रश्न विधानसभेत मांडणारा आमदार हवा. आणि मराठीसाठी भांडताना शेजारच्या गोंडी, कोलामी, लंबाडी मुलांसाठीही भांडणारा हवा. नानांच्या मंडळातला तिघांचा तो गट, एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, आपापल्या जातीपुरता बोलला असता तर त्याचं मत आज कुणी आठवलं नसतं.

संध्याकाळी मुलीचे चिंचोके डब्यात गेले. भाचीनं फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. शाळा उघडायला अजून पंधरा दिवस होते. मामांची जुनी शाळा घरापासून चालत जाण्याजोगी. पहिल्या दिवशी पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसू, मास्तर आहेत का, पुस्तकं आलीत का बघू, मग रकाना भरू, एवढं दोघांत ठरलं.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी आईबापांनी या जूनमध्ये तेवढा एक तास काढावा. वर्ग बघावा, मास्तर नसेल तर गावातल्या दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज मंडल शिक्षणाधिकाऱ्याकडे द्यावा, पोच घ्यावी, आणि तो अर्ज मराठीतही लिहावा.